दुष्काळ आणि स्वराज्य

(समितीच्या वर्गणीदारांच्या साधारण सभेंत झालेलें व्याख्यान)



चिटणिसांनीं जमाखर्च वाचून दाखविला आहे. त्यांत आम्हीं भर घालावी असें कांहीं नाहीं. आमच्याकडे सोंपविलेलें काम निराळें आहे. वर्गणी मागण्यास जे स्वयंसेवक घरोघर फिरले, त्यांस दोन प्रकारचीं उत्तरें वारंवार ऐकावीं लागलीं. पहिलें असें कीं, "आतां राज्य आपलें आहे. आम्ही कर भरतों, मतें देतों. पाऊस गेला तर तजवीज सरकारनें करावी. आमच्या दारीं पावतीपुस्तक घेऊन येण्याचें प्रयोजन काय?" दुसरें उत्तर बहुधा वयस्क मंडळींकडून येतें: "आपल्या लोकांच्या राज्यांत दुसरें काय व्हावयाचें? इंग्रजाच्या वेळीं निदान शिस्त होती, दुष्काळाचा कायदा होता, कामें वेळेवर निघत." इंग्रजी अंमल ह्यांतील बहुतेकांनीं जाणत्या वयांत पाहिलेला नाहीं, ही गोष्ट आम्ही तूर्त बाजूस ठेवितों. हीं उत्तरें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो, कीं पावतीपुस्तक कोरें राहतें.

हा वाद नवा नाहीं. परकी राज्य बरें कीं स्वराज्य, ह्याविषयीं आपल्या वडिलांच्या वडिलांनीं जो वाद केला त्याचा फार मोठा भाग दुष्काळाच्याच मैदानावर लढला गेला. म्हणून त्या वादांतील दोन्ही पक्ष आपणांपुढें मांडावे, व त्यांतून आजच्या कामास उपयोगी पडेल तेवढें उचलावें, असा आमचा विचार आहे. आमचा धंदा वकिलीचा. त्यामुळें प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं व त्याच्या पुऱ्या जोरासह सांगावें, हा नियम आम्ही येथेंहि पाळतों.

दुष्काळ इंग्रजांनीं आणिला नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १६३०-३२ मध्यें गुजराथ व दख्खन ह्यांत जो काळ पडला त्याचीं वर्णनें परदेशी प्रवाशांनीं लिहून ठेविलीं आहेत. आणि १८०३-०४ चा दुष्काळ तर पावसाइतकाच होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनीं आणिला. तेव्हां राज्य आपलेंच होतें. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत जीं पत्रें लिहिलीं, त्यांत इंग्रजी राज्य ही ईश्वराची योजना असा जो सूर आढळतो, तो ह्या पार्श्वभूमीवर ऐकिला पाहिजे. मागच्या पिढीनें जळालेलीं गांवें पाहिलीं होतीं. तिला शांततेची किंमत ठाऊक होती. न्यायमूर्ति रानडे ह्यांनींहि तीच भूमिका अधिक विचारपूर्वक घेतली, आणि गोपाळराव गोखले ह्यांनीं १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापिला तेव्हां त्याच्या उद्देशपत्रांत इंग्लंडशीं जडलेला संबंध हिंदुस्थानच्या हितासाठींच दैवानें घडविला आहे असें स्पष्ट नमूद केलें. हीं माणसें भित्रीं किंवा खुशामती नव्हतीं. सरकारच्या खर्चाची एकेक बाब गोखल्यांइतकी कठोरपणें तपासणारा दुसरा माणूस त्या काळीं क्वचितच होता.

जोतीराव फुले ह्यांचें म्हणणें ह्याहून निराळें व आमच्या मतें अधिक अवघड आहे. परकी राज्यानें शूद्रातिशूद्रांस विद्येचें दार किलकिलें केलें. तें राज्य जाऊन जें येईल तें कोणाचें असेल, हा त्यांचा प्रश्न होता. परंतु त्याच जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकारच्या साऱ्याचें, शेतसारा आकारणाऱ्या गोऱ्या अंमलदारांच्या ऐषआरामाचें व त्यांच्या हाताखालच्या काळ्या कामगारांचें वाभाडें काढिलें. म्हणजे त्यांना इंग्रजांचे भाट म्हणणारे व इंग्रजांचे शत्रु म्हणणारे, दोघेहि त्यांचें अर्धेंच वाचतात.

इंग्रजांच्या बाजूनें हा पक्ष सर्वांत निर्भीडपणें कोणीं मांडिला असेल तर तो सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांनीं. १८७२ चा पुराव्याचा कायदा ह्यांनींच रचिला, व तो २०२४ च्या जूनअखेरपर्यंत आमच्या कोर्टांतून चालला. आमचा सारा धंदा त्यांच्या कलमांवर गेला. १८८३ सालीं इल्बर्ट बिलाच्या गडबडींत त्यांनीं 'टाइम्स' पत्रास लिहिलें, त्याचा मथितार्थ असा कीं हिंदुस्थानचें सरकार हें मूलतः अनियंत्रित सरकार आहे. तें प्रजेच्या संमतीवर उभें नसून जिंकण्यावर उभें आहे. आणि ही गोष्ट लपविण्यांत शहाणपण नाहीं. हें सरळ बोलणें आम्हांस आवडतें. कारण एकदां हें कबूल झालें म्हणजे पुढचा प्रश्न अगदीं कायद्याचा उरतो. जो मुखत्यार मालकाच्या संमतीनें नेमलेला नाहीं, व ज्याला मालक काढूं शकत नाहीं, तो हिशेब कोणास देणार?

ह्या प्रश्नाचें उत्तर १८७७ सालानें दिलें, व तें एकाच माणसाच्या चरित्रांत वाचतां येतें. १८७३-७४ मध्यें बिहारांत पीक बुडालें तेव्हां सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं ब्रह्मदेशांतून सुमारें साडेचार लाख टन तांदूळ आणविला, उदारपणें कामें काढिलीं, आणि माणसें फार थोडीं दगावलीं. ह्याबद्दल त्यांचा सत्कार व्हावयाचा. पण झाली ती टीका. एवढा पैसा खर्च केलाच कसा, असें इंग्लंडांत व कलकत्त्यांत विचारलें गेलें. पुढें १८७६ सालीं दख्खन, म्हैसूर, मद्रास ह्यांवर त्याहून कितीतरी मोठें संकट आलें. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस लॉर्ड लिटन ह्यांनीं महाराणीस कैसर-इ-हिंद म्हणून जाहीर करण्याचा दरबार भरविला, व त्याच महिन्यांत टेंपलसाहेबांस दुष्काळी मुलखाच्या पाहणीस धाडिलें. काटकसर करावी, ही ताकीद बरोबर होती. मग ह्याच गृहस्थांनीं कामावरच्या धडधाकट पुरुषास दिवसास एक रत्तल धान्य व वर थोडी रोकड एवढी मजुरी पुरे होईल असें ठरविलें. एक रत्तल म्हणजे आपल्या जुन्या मापानें अर्धा शेरहि भरत नाहीं. आणि तेवढ्यावर दिवसभर माती उपसावयाची व खडी फोडावयाची. मद्रास इलाख्याचे सरकारी आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनीं वैद्यकाच्या आधारें ह्यास विरोध केला, व पुढें तेथें हें प्रमाण वाढवावें लागलें. मुंबई इलाख्यांत मजुरांनींच विरोध केला. हजारोंच्या संख्येनें कामें सोडून ते निघून गेले.

टेंपलसाहेबांचें काळीज तीन वर्षांत बदललें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांचा हिशेब ज्यांच्याकडे जात होता त्यांनीं बिहारच्या तांदुळाबद्दल त्यांना दोष दिला होता, आणि माणसांच्या मरणाबद्दल कोणीं दोष देईल अशी व्यवस्थाच नव्हती. माणूस तोच, हिशेब तपासणारा जसा, तसा त्याचा हात. धान्याची निर्यात थांबवावी ही मागणीहि ह्याच कारणास्तव फेटाळली गेली. खुल्या व्यापाराचें तत्त्व मोडल्याचा जाब लंडनला द्यावा लागला असता, सोलापुरास द्यावयाचा नव्हता. ह्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांवर माणसें नेहमींच्या मृत्युसंख्येहून अधिक मेलीं, हा अंदाज कोणा चळवळ्याचा नसून सरकारनें नेमिलेल्या कमिशनचा आहे.

आतां ह्याच वर्षीं आपले लोक काय करीत होते? १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचा एक नियम आम्हांस नेहमीं मौजेचा व मोलाचा वाटत आला आहे. जो कोणी निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील तोच तिचा सभासद. स्टीफनसाहेबांनीं जी संमति नाकारली ती ह्या लोकांनीं लहानशा प्रमाणावर कागदावर करून दाखविली होती. सभेनें दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा केली, सरकारास पत्रांमागून पत्रें लिहिलीं, मजुरीच्या कपातीविरुद्ध तक्रार केली. सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, ते दिल्लीच्या दरबारास हातानें कातलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले, व तेथेंहि हिंदी प्रजेच्या हक्कांचें गाऱ्हाणें त्यांनीं मांडिलें. त्याच सुमारास जोतीराव व त्यांचे सत्यशोधक सहकारी ह्यांनीं पुण्याजवळ धनकवडीस उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें, आणि सावित्रीबाई जुन्नरकडे ओतुरास होत्या. तेथून त्यांनीं जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत त्या मुलखाचे हाल वर्णिलेले आहेत. सभेचे लोक व सत्यशोधक ह्यांचें एकमेकांशीं पटत नव्हतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोणत्याहि बाजूनें असें म्हटल्याचें दिसत नाहीं कीं, दुष्काळ सरकारचा आहे, आम्ही घरीं बसतों.

ह्या विध्वंसानंतर सर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें, १८८० सालीं त्याचा अहवाल आला, व त्यावरून १८८३ पासून प्रांतोप्रांतीं दुष्काळाचे नियम म्हणजे फॅमिन कोड तयार झालें. वयस्क मंडळी जी शिस्त म्हणतात ती ही. तिचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. काम मागेल त्यास काम, अपंगास शिधा, सारा तहकूब किंवा माफ करण्याचे दर्जे, ही सर्व मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, व स्वतंत्र भारतांतील टंचाईच्या नियमांचा सांगाडाहि पुष्कळ काळ तोच राहिला. दुष्काळासाठीं दरसाल दीड कोट रुपये बाजूस काढावयाचे असेंहि ठरलें होतें, व त्यासाठीं नवे कर बसले. परंतु लवकरच अफगाण लढाई आली व तो पैसा तिकडे वळला. वर्गणीदारांनीं एका कारणासाठीं दिलेला पैसा आपल्या चिटणिसांनीं दुसऱ्या कारणास लाविला, तर ही सभा त्यांना आजच काढून टाकील. तेथें कोणास काढावयाचें?

१८९६ सालीं पुन्हां पाऊस गेला, आणि ह्या वेळीं नियमांचें पुस्तक तयार होतें. बाळ गंगाधर टिळक ह्यांची बुद्धि येथें दिसते. त्यांनीं सरकारजवळ दया मागितली नाहीं. सरकारचेंच पुस्तक उघडून त्यांतील शब्द शेतकऱ्यास वाचून दाखविले. सार्वजनिक सभेच्या वतीनें प्रतिनिधि गांवोगांव गेले, नियमांचा मराठींत सारांश वाटला, आणि 'केसरी'ने सांगितलें कीं पीक बुडालें असतां गुरेंढोरें विकून सारा भरूं नका. नियमानें जी सूट मिळावयाची ती मागा. ह्यांत बंड कोठें आहे? परंतु प्रतिनिधींपैकीं कांहींवर खटले झाले, व मार्च १८९७ मध्यें मुंबई सरकारनें जाहीर केलें कीं सार्वजनिक प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा सभेचा अधिकार आपण ह्यापुढें मानीत नाहीं. नियम केला सरकारनें. तो ज्यांच्यासाठीं केला त्यांना वाचून दाखविणारा मात्र उपद्रवी ठरला. जो कायदा मालकाच्या मर्जीनें दिलेला असतो त्याची हीच गति आहे. तो कपाटांत असेपर्यंत उत्तम असतो.

(येथें न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १८९५ सालीं टिळकांच्या पक्षानें सभा ताब्यांत घेतल्यावर रानडे, गोखले प्रभृतींनीं १८९६ मध्यें निराळी डेक्कन सभा काढिली. दोन सभा झाल्या, दोघींचीं तोंडें दोन दिशांना. पण दुष्काळाचीं गाऱ्हाणीं मांडण्याचें काम दोघींनींहि केलें.)

१८९९-१९०० चा दुष्काळ गुजराथ, काठेवाड, राजपुताना व मध्यप्रांत ह्यांवर पडला, तोच छप्पनचा. एका वेळीं साठ लाखांच्या आसपास माणसें सरकारी मदतीवर होतीं, हें इंग्रजी पक्षाचें बलवान प्रमाण आहे, व १८७७ पेक्षां व्यवस्था सुधारली होती ह्यांत शंका नाहीं. तरीहि लॉर्ड कर्झन ह्यांनीं बजावलें कीं सढळ दानधर्मानें तिजोरी धोक्यांत घालणारें सरकार टीकेस पात्र होईल, आणि सरसकट भीक घालून लोकांचा स्वावलंबनाचा कणा मोडणारें सरकार तर सार्वजनिक गुन्हा करील. ह्याच व्हाइसरॉयांस रमेशचंद्र दत्त ह्यांनीं १९०० सालीं अनावृत पत्रें लिहिलीं. दत्त स्वतः सनदी नोकर, विभागाच्या कमिशनरपदापर्यंत चढलेले, व १८९९ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांचें म्हणणें असें कीं पाऊस जातो हें खरें. परंतु एका वर्षीं पाऊस गेला म्हणजे शेतकरी मरतो, ह्याचें कारण मागच्या दहा वर्षांत त्याच्या घरीं कांहीं शिल्लक राहूं दिलेलें नसतें. आगगाडीनें धान्य येतें, पण विकत घ्यावयास गांठीं पैसा नसतो. सबब साऱ्यास मर्यादा घाला. सरकारनें १९०२ च्या जानेवारींत लांबलचक ठराव काढून उत्तर दिलें कीं साऱ्याचा बोजा हें दुष्काळाचें कारणच नव्हे.

आमचा अभिप्राय विचाराल तर दत्तांनीं साऱ्यावर जरा अधिक भार दिला. सावकाराचें व्याज, वाटण्यांनीं झालेले जमिनीचे तुकडे, एकाच शेतीवर पडलेलीं सगळीं तोंडें, ह्यांचाहि वांटा मोठा होता. १८७५ सालीं सुप्यास दंगा झाला तो मामलेदारावर नव्हे, सावकारावर. परंतु सरकारच्या ठरावांतील वैगुण्य युक्तिवादाचें नाहीं, अधिकाराचें आहे. आरोपी सरकार, साक्षीदार सरकारचे, निकाल सरकारचा. असा निकाल बरोबर असला तरी तो निकाल होत नाहीं. तीच गोष्ट उत्पन्नाच्या आंकड्यांची. दादाभाई नौरोजी ह्यांनीं १८७६ सालीं माणशीं वार्षिक उत्पन्न वीस रुपये धरिलें. १८८२ सालीं सरकारी अंदाज सत्तावीस रुपये झाला. कर्झनसाहेबांनीं १९०१ मध्यें तीस सांगितला. कर्झनांचाच आंकडा घ्या, म्हणजे माणशीं महिन्यास अडीच रुपये. वाद वीस कीं तीस ह्यावर चालला होता, एवढ्यावरून काय तें समजावें. दादाभाई पन्नास वर्षें इंग्रजांच्या न्यायबुद्धीस हांक मारीत राहिले. १८९२ सालीं पार्लमेंटांतहि जाऊन बसले. आणि १९०६ सालीं, ऐंशी उलटल्यावर, कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं 'स्वराज्य' हा शब्द उच्चारिला. हा शब्द त्यांनीं आंकडे मांडून मांडून गांठिला होता.

आतां जोतीरावांनीं टाकिलेला प्रश्न शिल्लक आहे: स्वराज्य कोणाचें? डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं १९३० सालीं लंडनच्या गोलमेज परिषदेंत ह्याचा हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडिला. इंग्रज येण्यापूर्वीं आम्हांस गांवच्या विहिरीवर पाणी भरतां येत नव्हतें. दीडशें वर्षांत इंग्रजानें तरी तो हक्क मिळवून दिला काय, असें त्यांनीं विचारिलें, व आमचीं दुःखें आमच्या हातीं राजकीय सत्ता आल्यावांचून जाणार नाहींत असा निष्कर्ष काढिला. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी त्यांनीं १९२७ च्या मार्चांत प्राशन केलें. तें तळें आमच्या खाजगी मालकीचें व वहिवाटीचें, असा दावा स्पृश्य मंडळींनीं लाविला. तो मुंबई हायकोर्टानें १९३७ सालीं अखेर फेटाळिला. इंग्रजी न्यायपद्धतीचा हा गुण व हीच तिची चाल: दहा वर्षें. पाण्यासाठीं दहा वर्षें वाट पाहतां येत नाहीं, हें आज आपल्या तालुक्यांत कोणास सांगावयास नको.

ह्या सगळ्या वादाचा निर्णय शब्दांनीं झाला नाहीं. तो दोन दुष्काळांनीं झाला. १९४३ सालीं बंगालमध्यें माणसें मेलीं. उडहेड कमिशननें १९४५ सालीं दिलेला आंकडा पंधरा लाखांचा; नंतरच्या अभ्यासकांनीं तो तीस लाखांपर्यंत नेला आहे. त्या वेळीं फॅमिन कोड अस्तित्वांत होतें, पण दुष्काळ जाहीरच केला नाहीं, म्हणून पुस्तक मिटलेलें राहिलें. कोणी म्हणतील, बंगालमध्यें १९३५ च्या कायद्याप्रमाणें हिंदी मंत्री होते, तेव्हां हा दोष स्वराज्याच्या माथीं कां नको? मंत्र्यांची चूक व कांहींचा लोभ आम्ही झांकीत नाहीं. परंतु जपानी येतील म्हणून १९४२ मध्यें नदीकांठच्या होड्या काढून घेतल्या त्या लष्करी धोरणानें. परदेशी धान्यासाठीं जहाजें मागितलीं तितकीं दिलीं नाहींत तीं लंडनच्या युद्धमंत्रिमंडळानें. मंत्र्यांस खुर्ची होती, जहाजें नव्हतीं. ज्यांना जहाजें होतीं त्यांना बंगालचा मतदार नव्हता. अर्ध्या स्वराज्यांत जबाबदारी कशी निसटते ह्याचें हें उदाहरण आहे. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' ह्या इंग्रजी मालकीच्या पत्रानें रस्त्यांवरील प्रेतांचीं छायाचित्रें ऑगस्ट १९४३ मध्यें छापिलीं, तेव्हां कोठें बाहेरचें जग जागें झालें.

दुसरा दुष्काळ १९७२ चा. तो आम्हांस घरच्या बोलण्यांतून ठाऊक आहे. सुकडी, लाल मिलो, रस्त्याकडेची खडी हे शब्द आमच्या पिढीच्या कानावर लहानपणींच पडले. महाराष्ट्रांत पीक भयंकर बुडालें होतें. तरी १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर होतीं, आणि १८७७ सारखा किंवा १९४३ सारखा मृत्यूचा कहर झाला नाहीं. त्या वेळचे मंत्री टेंपलसाहेबांपेक्षां कनवाळू होते म्हणून नव्हे. विधानसभेंत विरोधी पक्ष होता, मजुरांचे मोर्चे होते, वर्तमानपत्रें होतीं, आणि पुढें निवडणूक होती. १८७७ चे मजूर काम सोडून गेले तर कोणाचेंहि आसन हललें नाहीं. १९७३ चे मजूर मामलेदार कचेरीवर गेले तर मुंबईस आसन हलत होतें. अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ च्या ग्रंथांत बंगालच्या दुष्काळाचें जें विवेचन केलें, व पुढें जो सिद्धान्त मांडिला, त्याचें मर्म आपल्या मजुरांनीं आधींच दाखविलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांतूनच वि. स. पागे ह्यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर आली. तिचा खर्च भागविण्यासाठीं १९७५ सालीं शहरांतील नोकरदारांवर व धंदेवाल्यांवर व्यवसायकर बसला. १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागणें ही याचना न राहतां दावा झाला. ह्याच वाटेनें संसद २००५ सालीं साऱ्या देशासाठीं कायदा करण्यापर्यंत गेली.

एवढ्यावरून स्वराज्याची आरती ओंवाळावी असें मात्र नाहीं. आपल्याच विधिमंडळानें १९६३ सालीं एक कायदा करून राज्यांत लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द काढून टाकिला व त्याच्या जागीं 'टंचाई' बसविली. कारण असें दिलें कीं सरकारची नजर सतत असल्यानें आतां दुष्काळ उद्भवण्यास जागाच उरली नाहीं. नऊ वर्षांनीं १९७२ साल आलें. पाऊस कायदेमंडळाची छापील पुस्तकें वाचीत नसावा. पिकाची आणेवारी जाऊन पैसेवारी आली. परंतु पन्नास पैशांच्या आंत कीं बाहेर, ह्या एका आंकड्यावर गांवचें नशीब टांगलेलें राहिलें, आणि तो आंकडा कोणीं, कोठें बसून लिहिला, हें गांवास अनेकदां मागाहून कळे. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयास एका संस्थेच्या अर्जावर राज्यांना सुनवावें लागलें कीं दुष्काळ जाहीर करण्याची टाळाटाळ करूं नका. अर्जदार संस्थेच्या नांवांत 'स्वराज' हा शब्द होता, हा योगायोग आम्हांस उगाच आवडला. स्टीफनसाहेबांच्या सरकारविरुद्ध असा अर्ज चालला नसता. आपल्या सरकारविरुद्ध तो करावा लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तेव्हां ज्या वयस्क मंडळींस इंग्रजी शिस्तीची आठवण येते त्यांस आमचें उत्तर असें कीं, शिस्तीचें पुस्तक होतें हें खरें, पण तें उघडण्याची किल्ली तुमच्या आजोबांजवळ नव्हती. ती आज तुमच्याजवळ आहे. आणि जे म्हणतात राज्य आपलें आहे, आम्ही कशाला द्यावें, त्यांस आमचें म्हणणें असें कीं तुमचा अर्धा मुद्दा आम्हांस पूर्ण मान्य आहे. काम, पाणी, चारा हें सरकारचें देणें आहे. समितीनें सरकारची जागा घेऊं नये, व समितीच्या अन्नछत्राकडे बोट दाखवून कोणा अंमलदारानें कामें काढण्याचें टाळूं नये. परंतु अर्ज दिल्यापासून काम निघेपर्यंतचे दिवस उपाशी माणसानें कशावर काढावे? ते दिवस ही समिति विकत घेत आहे. एवढीच तिची मर्यादा व एवढेंच तिचें प्रयोजन.

म्हणून कार्यकारी मंडळाच्या वतीनें आम्ही तीन सूचना मांडितों. पहिली, समितीच्या प्रत्येक केंद्रावर शिध्याच्या वहीशेजारीं कामाच्या मागणीच्या अर्जांची वही असावी. शिधा घेणाऱ्या धडधाकट माणसाचा अर्ज त्याच दिवशीं भरून कचेरींत पोंचवावा. दुसरी पाण्याविषयीं. समितीच्या टँकरनें पहिला थांबा गांवाच्या वेशींतील चावडीपुढें घेऊं नये. गांवकुसाबाहेरच्या वस्तीपासून पाणी वाटीत आंत यावें. ह्या सूचनेस मंडळांत विरोध झाला, व येथेंहि होईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनीं तो उघड सभेंत सांगावा, आम्ही त्यास उत्तर देऊं. तिसरी, पैसेवारीचा आंकडा जाहीर होतांच त्याची नक्कल प्रत्येक गांवीं लावावी, आणि हरकतीची मुदत असेल त्याच्या आंत हरकत देण्याचें काम आमच्याकडे व आमच्या तालुक्यांतील वकीलबंधूंकडे विनामूल्य सोंपवावें.

पावतीपुस्तकें व अर्जांचे कोरे नमुने दाराजवळच्या मेजावर ठेविले आहेत. ज्यांस आज रक्कम भरणें सोयीचें नसेल त्यांनीं निदान आपल्या नात्याच्या किंवा ओळखीच्या एका गांवीं हे नमुने नेऊन भरून घ्यावे, आणि अर्ज दिल्यावर तारखेची व सहीची पोंच हातीं पडल्यावांचून कचेरीच्या पायऱ्या उतरूं नयेत.